सायगावहून निघालेल्या गॅलक्सीचं मागचं दार

४ एप्रिल १९७५. दुपारी चारच्या सुमारास अमेरिकी हवाई दलाचं सी-५ए गॅलक्सी हे अवाढव्य मालवाहू विमान, क्रमांक ६८-०२१८, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावच्या तान सोन न्हुत विमानतळावरून उडालं. जायचं होतं फिलिपिन्समधल्या क्लार्क हवाई तळावर. आत व्हिएतनामी अनाथ मुलं होती, त्यांना सांभाळायला निघालेली माणसं होती, वैद्यकीय पथक होतं. उड्डाणाला साधारण बारा मिनिटं झाली, विमान २३,००० फुटांवर पोहोचलं, किनारा मागे पडला आणि मागचा रॅम्प (माल चढवायचा उतरता फळा) व त्याला लागून असलेलं दाबाचं दार तुटून बाहेर गेलं. वैमानिकांनी विमान वळवून सायगावपर्यंत परत आणलं, पण धावपट्टी गाठता आली नाही. विमानतळापासून सुमारे तीन किलोमीटरवर ते भातखाचरांत उतरलं आणि फुटलं. विमानातल्या ३१४ जणांपैकी १३८ जण गेले. त्यांत ७८ मुलं होती.

मी भारतीय हवाई दलातून फ्लाइट इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. आधी एएन-१२वर होतो, पुढे आयएल-७६वर; दोन्ही रशियन मालवाहू विमानं. गॅलक्सीला माझा कधी हात लागला नाही. तरीही नव्या पोरांना शिकवायची वेळ आली, की मी हेच प्रकरण काढायचो. या अपघाताबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वैमानिकांच्या कौशल्याबद्दल असतं आणि त्यातला शब्द न् शब्द रास्त आहे. पण हा अपघात २३,००० फुटांवर सुरू झाला असं मी मानत नाही. तो त्याआधीच, विमान जमिनीवर उभं असताना, कुणाच्या तरी हातात पाना असताना सुरू झाला. मालवाहू विमानांवर काम केलेल्या माणसाला ही बाजू जास्त जवळून कळते, म्हणून ती सविस्तर मांडतोय.

मार्चअखेर दा नांग शहर उत्तर व्हिएतनामच्या हाती पडलं होतं आणि दक्षिण व्हिएतनाम आता काही आठवड्यांचंच सोबती आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. ३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अनाथालयांतल्या मुलांना विमानांनी बाहेर काढण्याची घोषणा केली. मोहिमेला नाव मिळालं ऑपरेशन बेबीलिफ्ट. हे गॅलक्सी सायगावला आलं होतं ते हाउइट्झर तोफा घेऊन. तोफा उतरवल्या आणि त्याच मालकक्षात माणसं बसवली.

गॅलक्सीला दोन मजले. खाली मालकक्ष, सुमारे सहा मीटर रुंद, इकडून रणगाडा आत जाऊन तिकडून बाहेर पडेल असा. वर, पंखांच्या मागे, सैनिकांसाठी एक छोटा कक्ष, त्यात शेपटीकडे तोंड केलेल्या खुर्च्या. तान्ही आणि लहान मुलं वर नेली, एका खुर्चीत दोन-दोन बांधली. मोठी मुलं आणि बरीचशी मोठी माणसं खाली राहिली. यांत सायगावच्या अमेरिकी संरक्षण कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या. मुलांना सोबत म्हणून त्यांना पाठवलं होतं, आणि त्या निमित्ताने त्याही शहराबाहेर पडणार होत्या. खाली खुर्च्या नाहीत. फरशीवर ब्लँकेटं अंथरायची आणि माल बांधायच्या पट्ट्यांनी माणसांना धरून ठेवायचं. घाईत, युद्धाच्या तोंडावर, याहून चांगली सोय होणं अवघड होतं. त्या निर्णयाला मी दोष देत नाही. पण कोण वर आणि कोण खाली, यावर पुढे कोण जगलं हे ठरलं.

आता दाराकडे येतो.

प्रवासी विमानाचं शेपूट बंद असतं. आत हवा भरलेली, आणि टोकाला एक घुमटासारखा भक्कम पडदा, कायमचा रिव्हेट केलेला. मालवाहू विमानाचं शेपूट मात्र उघडावंच लागतं, कारण ट्रक तिथूनच चढणार. म्हणजे विमानाच्या ज्या भागावर आतल्या हवेचा सगळ्यांत मोठा रेटा येतो, तोच भाग बिजागऱ्यांवर आणि कुलपांवर उभा असतो.

एएन-१२वर हा प्रश्न रशियनांनी सरळ टाळला होता. कॉकपिटच्या मागे चौदा माणसांची एक बंद खोली, तेवढ्यातच दाब. बाकी अख्खा मालकक्ष बाहेरच्या हवेत असल्यासारखा. लेहच्या फेरीत मागे बसलेल्या जवानांना ऑक्सिजनच्या नळीवर आणि अंगावरच्या कपड्यांवरच भागवावं लागायचं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. मागची दारं आतल्या बाजूला वर दुमडायची. १९७१च्या युद्धात आपल्या हवाई दलाने याच दारांतून बॉम्ब खाली सोडले. असं दार हवेत अचानक उघडलं असतं तर गारठा आला असता, वारा घुसला असता, माल हलला असता. पण स्फोट झाला नसता, कारण आत कोंडलेलं काहीच नव्हतं.

आयएल-७६ आलं १९८५ साली. मालकक्षात दाब, माणसं साध्या गणवेशात बसू शकतात, केवढी सोय! पण प्रशिक्षणात मागच्या दारांवर जो वेळ घालवला जायचा, तो आधी आम्हाला जास्तच वाटायचा. मग एका शिक्षकाने फळ्यावर हिशेब मांडला आणि वर्ग गप्प झाला. तोच हिशेब गॅलक्सीला लावून बघा. २३,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण ४१० मिलिबार. आत ८,००० फुटांवरच्यासारखी हवा ठेवली आहे असं धरलं तर तो सुमारे ७५० मिलिबार. फरक ३४० मिलिबार. ऐकायला किरकोळ वाटतो, पण याचा अर्थ दर चौरस मीटरला साडेतीन टन. दार सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच धरा, की ऐंशी टनांच्या पुढचा रेटा झाला, तोही बाहेरच्या दिशेने, आणि विमान वर असेपर्यंत एक क्षणही न सुटणारा.

हा भार पेलतात ती रॅम्पच्या कडेची कुलपं. गॅलक्सीला ती दोन्ही बाजूंना सात-सात होती. दाबाचं दार रॅम्पवर टेकतं, म्हणजे दारावरचा रेटा शेवटी रॅम्पच्या कुलपांवरच येतो. अशा कुलपांचं तत्त्व साधं: विमानाच्या सांगाड्याला आकडे आणि रॅम्पला त्यांचे खोबण, किंवा उलट. हे आकडे दांड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एक यंत्रणा फिरली, की सगळे एकदम बसतात. दांड्यांची लांबी पेचाने कमी-जास्त करता येते. आणि गोम तिथेच आहे. एक दांडी अर्धा फेरा इकडे-तिकडे झाली, की तिच्यापुढचा आकडा वेळेआधी किंवा वेळेनंतर बसतो. एक सुटा भाग बदलला तरी सगळी ओळ पुन्हा जुळवावी लागते. फक्त बदललेलं कुलूप तपासून भागत नाही.

चौकशीत जे निघालं ते असं. या विमानाच्या रॅम्पच्या कुलपांचे भाग आधी दुसऱ्या विमानासाठी काढले गेले होते. नंतर भाग परत बसवले, पण ते नीट जुळले नाहीत, त्यामुळे सगळी कुलपं पूर्ण लागत नव्हती. सायगावहून निघण्यापूर्वी दारं बंद करताना त्रास झाला होता, हेही जबान्यांत आलं. दारं शेवटी बंद झाली. विमान चढू लागलं, बाहेरचा दाब उतरत गेला, आणि जी कुलपं खरोखर लागली होती त्यांच्यावर सगळ्यांचा भार पडला. ती एकामागून एक सुटली, शिवण उसवत जावी तशी.

एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावणं, म्हणजे कॅनिबलायझेशन, जगातल्या प्रत्येक हवाई दलात चालतं. आमच्याकडेही चालायचं. सुटे भाग दूरच्या देशातून येणार, सहा विमानं पाहिजेत आणि चार उडण्याजोगी आहेत, अशा वेळी जे आधीच हँगरमध्ये बसून आहे त्याचं काढायचं. यात गैर काही नाही. पण कामाचा हिशेब बघा. नवा भाग बसवायचा तर एकदा काढा, एकदा बसवा. दुसऱ्या विमानाचा बसवायचा तर दोनदा काढा, दोनदा बसवा, आणि दोन्ही विमानांवर जुळणी करा. चूक व्हायच्या जागा दुप्पट. त्यातही ज्या विमानाला भाग मिळाला ते उद्या उडणार, म्हणून त्याच्याकडे चार जण बघतात. ज्याचं काढलं ते कोपऱ्यात उभं राहतं. त्याला भाग परत मिळतो तो कधीतरी, कदाचित दुसऱ्याच पाळीत, आणि बसवणाऱ्या माणसाला आधी काय-काय उघडलं होतं हे कागदावरूनच कळणार. कागदात एक ओळ कमी असेल तर तो तितकंच कमी जुळवणार.

फॉर्म ७०० मधल्या, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या वहीतल्या, नोंदींबाबत मी कटकट्या होतो असं माझ्याबरोबरचे म्हणायचे, आणि ते खरं आहे. ‘भाग बदलला, तपासला, ठीक’ असं वाक्य दिसलं, की मी विचारायचो: कशाने तपासला? बघून, हाताने हलवून, की मापाने? दाराच्या बाबतीत ‘बंद होतं’ ही तपासणी नाही. वाकडं दारही जोर लावला की बंद होतं.

आकडा नीट बसतो की नाही हे ओळखायची एक खूण आमच्या जुन्या वॉरंट ऑफिसरांनी दाखवली होती, ती इथे लिहून ठेवतो. आकड्याच्या आतल्या पृष्ठभागावर रंग किंवा मुलामा असतो. रोजच्या वापराने तो जिथे घासतो तिथे धातू चमकतो. नीट बसणाऱ्या आकड्यावर ही चमक पूर्ण रुंदीची असते, आरपार पट्टा. अर्धवट बसणाऱ्या आकड्यावर चमक फक्त टोकाला, नखाएवढी. चंदीगडच्या थंडीत पहाटे हातमोजे काढून, टॉर्च तोंडात धरून, एकेका आकड्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसत ही चमक बघायची. कॉकपिटमधला दिवा दार बंद असल्याचं सांगतो, पण तो दिवा एका छोट्या स्विचवर लागतो. स्विचला जेवढं कळतं तेवढंच दिव्याला कळतं. चमकेला त्या दाराचा सगळा इतिहास माहीत असतो.

त्या दिवशी विमानाच्या चालकदलाला अशी तपासणी करायला वेळ होता का? तळावर गोळीबाराची भीती, उन्हात उभी मुलं, उतरवायच्या तोफा. मला वाटत नाही की दुसरं कुठलं चालकदल तिथे थांबलं असतं. म्हणूनच ही कुलपं आधी, शांत हँगरमध्ये, जुळायला हवी होती. पुढच्या माणसाकडे वेळ असेल असं धरून देखभाल करता येत नाही.

आता २३,००० फुटांवर जे झालं ते. दार गेलं तेव्हा मालकक्षातली हवा क्षणात बाहेर गेली. अशा वेळी आतल्या हवेतली वाफ एकदम थंड होऊन दाट धुकं होतं, काही सेकंद हातभर अंतरावरचंही दिसत नाही. वर मास्क पडले, पण एका खुर्चीत दोन मुलं; मोठ्यांनी एकाच्या तोंडावरून काढून दुसऱ्याच्या तोंडावर धरत वेळ मारून नेली. यापेक्षा मोठं नुकसान शेपटीत झालं होतं. शेपटीच्या पृष्ठभागांकडे जाणाऱ्या केबल्स तुटल्या आणि चारपैकी दोन हायड्रॉलिक प्रणालींचं (तेलाच्या दाबाने हे पृष्ठभाग हलवणाऱ्या) तेल वाहून गेलं. नाक वर-खाली करणारं एलिव्हेटर गेलं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं रडर गेलं. हाताशी उरलं ते विमान कलतं करणारं एका बाजूचं एलरॉन, पंखांवरच्या उचलायच्या पट्ट्या म्हणजे स्पॉयलर, आणि चार इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे थ्रॉटल.

कॅप्टन डेनिस ट्रेनर (त्यांना बड म्हणत) आणि सहवैमानिक टिलफर्ड हार्प यांनी इथून पुढे जे केलं त्याचं मोल कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. एलिव्हेटर ज्या स्थितीत निकामी होतं, त्या स्थितीला विमानाचा एक ठरावीक वेग असतो. विमान सारखं त्याच वेगाकडे परत यायला बघतं. नाक खाली गेलं, की वेग वाढतो. वेग वाढला, की विमान आपोआप वर उचलतं. वर गेलं, की वेग पडतो आणि नाक पुन्हा खाली जातं. या हेलकाव्यांना थ्रॉटलने आवर घालायचा. ताकद वाढवली तर विमान वेगाने पळत नाही, वर चढतं. कमी केली तर त्याच वेगात खाली येतं. सवयीच्या अगदी उलट नाही, पण हाताला पटत नाही अशी ही गोष्ट, आणि त्यांना ती पडत्या विमानात शिकावी लागली. ती शिकून, वळून, त्यांनी दोनशे-अडीचशे टनी विमान सायगावच्या जवळ आणलं.

अडचण उतरण्यात होती. त्या ठरावीक वेगाखाली जाता येत नाही, म्हणजे नेहमीच्या उतरण्याच्या वेगाच्या दुपटीने जमिनीला भिडायचं. चाकं बाहेर काढली, की वाऱ्याचा अडथळा वाढतो. शेवटच्या वळणात खाली येण्याचा वेग अचानक वाढला आणि धावपट्टी पोहोचण्याजोगी राहिली नाही. ट्रेनर यांनी पंख समतल केले, ताकद पूर्ण वाढवली आणि समोरच्या भातखाचरांत विमान टेकवलं. टेकताना वेग सुमारे २७० नॉट, ताशी ५०० किलोमीटर. विमान चिखलातून जवळजवळ पाव मैल घसरलं, पुन्हा उचललं गेलं, सायगाव नदीपलीकडे गेलं आणि बांधावर आदळून चार तुकडे झालं. खालचा मालकक्ष चिरडला. वरचा कक्ष बराचसा अखंड घसरत राहिला, आणि वाचलेली बहुतेक मुलं त्यातली.

पंख समतल करण्याचा तो निर्णय मला सगळ्यांत मोठा वाटतो. धावपट्टी डोळ्यांसमोर असताना तिच्याकडे ओढत राहणं हे माणसाला सोपं असतं. थोडा ताबा आहे तोवर तो खर्चून टाकायचा, उरला नाही तर खर्चायला काहीच नसतं. चौकशी मंडळानेही वाचलेल्यांचं श्रेय थ्रॉटलच्या त्या वापराला आणि ताबा असेपर्यंत विमान खाली टेकवण्याच्या निर्णयाला दिलं. दोघांना एअर फोर्स क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. वैद्यकीय पथकाच्या प्रमुख रेजिना ऑन स्वतः जखमी असताना मुलं बाहेर काढत राहिल्या; अमेरिकी हवाई दलाचा शौर्यासाठीचा चेनी पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. खालच्या मजल्यावरच्या परिचारिका कॅप्टन मेरी क्लिंकर गेल्या. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर ज्या आठ स्त्रियांची नावं आहेत, त्यांत त्यांचं आहे.

सुरुवातीला घातपाताचा संशय आला, आणि त्या दिवसांत तो येणारच होता. अवशेषांची लूट झाली होती. काही तुकडे पैसे देऊन परत मिळवावे लागले. तुटलेल्या दाराचे भाग समुद्राच्या तळाशी शोधावे लागले. बॉम्बच्या खुणा कुठेच नव्हत्या, कुलपांच्या होत्या.

या प्रकरणाची भावंडं शोधायला लांब जावं लागत नाही. जेमतेम वर्षभर आधी, ३ मार्च १९७४ ला, तुर्की एअरलाइन्सचं डीसी-१० पॅरिसजवळ पडलं आणि ३४६ माणसं गेली. तिथेही मालाच्या दाराचं कुलूप पूर्ण लागलं नव्हतं. दार गेलं, मजल्याची फरशी खचली, तिच्यातून जाणाऱ्या केबल्स गेल्या. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं बोइंग ७४७ पडलं, ५२० गेले. शेपटीतला दाबाचा पडदा सात वर्षांपूर्वी चुकीचा दुरुस्त केलेला होता. या दोन्हींत दोष जमिनीवरचा होता आणि त्याची किंमत उंचीवर वसूल झाली. आपल्याकडच्या प्रशिक्षणात हे अपघात वेगवेगळ्या दिवशी शिकवले जायचे. ते एका बैठकीत शिकवावेत असं माझं मत होतं, अजूनही आहे.

फक्त थ्रॉटलवर विमान उडवण्याचा अभ्यास पुढे झाला. १९८९ मध्ये युनायटेडचं डीसी-१० तिन्ही हायड्रॉलिक गेलेल्या अवस्थेत अमेरिकेतल्या सू सिटीला उतरवलं गेलं, २९६ पैकी १८४ वाचले. १९९५ मध्ये नासाने केवळ इंजिनांच्या ताकदीवर एमडी-११ उतरवून दाखवलं. आणि २२ नोव्हेंबर २००३ ला बगदादवरून उडालेल्या डीएचएलच्या ए-३०० मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागलं, हायड्रॉलिक पूर्ण गेलं, तरी तिघांच्या चालकदलाने ते धावपट्टीवर आणलं आणि तिघेही वाचले. तिथे फ्लाइट इंजिनिअर मारियो रोफेल यांनी चाकं त्यांच्याच वजनाने खाली सोडली. ती लवकर, उंचीवर असतानाच बाहेर आल्यामुळे वेग उतरला आणि हेलकावे आटोक्यात आले. सायगावला चाकांचा अडथळा शेवटच्या मिनिटांत भोवला, बगदादला तोच वेळेवर कामी आला. ही तुलना करताना ट्रेनर आणि हार्प यांच्यावर अन्याय होऊ नये: त्यांच्यापुढे असा एकही धडा नव्हता.

बेबीलिफ्ट थांबलं नाही. दुसऱ्या दिवसापासून इतर विमानं उडाली आणि मोहीम संपेपर्यंत अडीच हजारांहून जास्त मुलं बाहेर पडली. अपघातातून वाचलेल्या मुलांचं प्रकरण मात्र अमेरिकी न्यायालयात बरीच वर्षं चाललं. दाब अचानक गेल्याने, ऑक्सिजन कमी पडल्याने आणि आपटण्याने त्यांच्या मेंदूला इजा झाली असावी, असा दावा गॅलक्सी बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीविरुद्ध झाला. १९८४ मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की इजा अजून सिद्ध व्हायची असली तरी ती शोधायच्या तपासण्यांचा खर्च मुलांना मिळाला पाहिजे. तोवर त्यांतली बहुतेक मुलं दहा-बारा वर्षांची झाली होती.